रविवारची फेरी: युडेनगासे

मंडळी, नमस्कार.
या रविवारी फ्रांकफुर्टची युडेनगासे, म्हणजे ज्यूंची जुनी गल्ली, बघायची आहे. ११ वाजता कॉन्स्टाबलरवाखेला जमू आणि जुनी घरं बघत खाली उतरू. लहान मुलं असतील तर बाबागाडी आणायला हरकत नाही.
– सांस्कृतिक समिती

---

ताई,
बाबागाडी खुशाल आणा, पण जमिनीवर जुनं घर एकही उरलेलं नाही. मी फारगासे रस्त्याजवळच्या शहराच्या जुन्या तटाच्या तुकड्यापासून सुरुवात करीन. सगळी गोष्ट त्या तटाची आहे.

१४६२मध्ये नगर परिषदेनं कॅथेड्रलजवळच्या ज्यूंना उठवलं आणि तटाला लागून वसवलं. साधारण ३३० मीटर लांब, तीन-चार मीटर रुंद अशी वाकडी गल्ली. तीन दरवाजे, रात्री आणि रविवारी बंद. माणसं वाढत गेली, जागा वाढवून मिळेना. मग भाऊवाटणीत वाडा चिरत जावा तशी घरं चिरली, मागे नवी उठली, वर मजले चढले. १६१०च्या सुमारास तिथे जवळपास तीन हजार लोक राहत होते. अशा दाटीत आग लागल्यावर काय होणार? १७११मध्ये एका दिवसात जवळजवळ सगळी गल्ली जळाली. पुन्हा बांधली, तर १७९६मध्ये फ्रेंच तोफांनी उत्तरेकडचा भाग पाडला. उरलेलं बहुतेक सगळं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालिकेनंच पाडून टाकलं.

१९८७मध्ये बांधकाम करताना पाये सापडले. ते जपायचे की नाही, यावरून शहरात मोठा वाद पेटला. शेवटी पाच घरांचे अवशेष नव्या इमारतीच्या तळघरात ठेवले, तेच आजचं संग्रहालय. घरांना पाट्यांवरून नावं असत: दगडी घर, गरम हमाम, ससाणा, तांबडा मेंढा, पांढरा मेंढा. खाली उतरून खोल्यांच्या भिंतींमधून चाला, दाटी किती होती ते लगेच कळतं. मुलांना मिकवे, म्हणजे विधिस्नानाचं कुंड, नक्की दाखवा. शेजारच्या कब्रस्तानाच्या भिंतीवर नाझींनी मारलेल्या शहरवासीयांच्या नावांचे हजारो ठोकळे आहेत. तिथे घाई करू नका.

---

काका, त्या पेढीवाल्या रोथशिल्डांचं घर?

---

तेही गेलं, १९४४च्या बॉम्बहल्ल्यात. रोथशिल्ड हे नाव 'तांबडी ढाल' (जर्मनमध्ये 'रोट' म्हणजे तांबडा, 'शिल्ड' म्हणजे ढाल) या घरावरून पडलं, पण मायर आम्शेल यांचं कुटुंब नंतर 'हिरवी ढाल' नावाच्या घरात राहिलं. मुलांनी युरोपभर पेढ्या काढल्या, तरी मायर यांची बायको गुटले १८४९पर्यंत, मरेपर्यंत, त्या अरुंद घरातून हलली नाही. हट्टी बाई, मला आवडते. तिकिटं संग्रहालयाच्या दारातच घ्या, तट आधी बघा.