मालवणच्या शंखांची जुनी नोंद : जिल्हा, काळ आणि शास्त्रीय नाव कसे लिहावे?

प्रश्न (सांगली)
आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातील समुद्री गोगलगायींच्या कवचांची संगणकीय नोंद करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अनेक चिठ्ठ्यांवर तारीख नसून केवळ 'मालवण, जि. रत्नागिरी' एवढाच मजकूर आहे. एका मोठ्या कवडीसोबतच्या चिठ्ठीवर विभागाचा पत्ता 'जि. दक्षिण सातारा' असा छापलेला असून त्याखाली शाईने 'सायप्रिया अरेबिका' लिहिले आहे. अशा नमुन्यांचा जिल्हा व काळ कसा नोंदवावा, आणि जुने नाव बदलावे का? शिवाय काही कवचांवर पांढरी भुकटी आली आहे.

उत्तर (सातारा)
चिठ्ठीवरील मजकूर अक्षरशः, चुकांसह, स्वतंत्र रकान्यात उतरवून घ्यावा आणि आजचा जिल्हा शेजारच्या रकान्यात द्यावा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे मालवणच्या त्या चिठ्ठ्या बहुधा त्यापूर्वीच्या आहेत. दक्षिण सातारा हे आजच्या सांगली जिल्ह्याचे नाव १९४९ ते १९६० एवढाच काळ होते. मात्र त्यावरून कागद केव्हा छापला एवढेच कळते, कवडी केव्हा गोळा केली हे नव्हे, कारण छापील कागद शिल्लक असेतो वापरण्याची पद्धत सर्वत्र आहे. म्हणून संकलनाच्या तारखेचा रकाना रिकामा ठेवून हा तर्क शेरा म्हणून लिहावा. अंदाजाने भरलेली तारीख पुढच्या अभ्यासकाला खरीच वाटते, आणि ते नुकसान भरून येत नाही.

त्या कवडीचे आजचे मान्य नाव 'मॉरिशिया अरेबिका' आहे. जुने नाव न खोडता दोन्ही नावे ठेवावीत.

उत्तर (मिरज)
भुकटी बुरशीची नसावी. लाकडी कपाटातून सुटणाऱ्या ॲसिटिक व फॉर्मिक आम्लांच्या वाफा दमट हवेत कवचातील कॅल्शियम कार्बोनेटवर क्रिया करतात व त्यातून क्षार तयार होतात. झिजलेला पृष्ठभाग पूर्ववत होत नाही, म्हणून नमुने पावसाळ्यापूर्वी धातूच्या कपाटात हलवावेत. हलवताना चिठ्ठी नमुन्यापासून क्षणभरही वेगळी होऊ देऊ नये.

उत्तर (कराड)
कवच जिवंत प्राण्यासह मिळाले की पुळणीवर रिकामे सापडले, हे चिठ्ठीवर असल्यास अवश्य नोंदवावे. रिकामी कवचे लाटांबरोबर वा शंखखेकड्यांबरोबर दूर जातात, त्यामुळे ती जात नेमकी तेथेच राहत होती असे म्हणता येत नाही. 'मालवण' एवढ्यावरून अक्षांश-रेखांश द्यायचेच असतील, तर किती किलोमीटरपर्यंत चूक संभवते तेही सोबत लिहावे.