जुन्या कॅसेटवरून रियाज: फूबारसाठी प्लगिन सुचवा

स्वरवेडी_मिरज
नमस्कार मंडळी. १९९४ ते ९७ मी ज्या बाईंकडे गाणं शिकले, त्यांच्या शिकवणीच्या नऊ कॅसेट गेल्या महिन्यात एमपी३ करून आणल्या. बाई आता नाहीत. लॅपटॉपवर फूबार२००० हा गाणी वाजवायचा प्लेअर आहे. त्यात दोन गोष्टी हव्यात. ताना बसवताना लय कमी करता यावी, आणि पट्टी बदलता यावी, कारण बाईंचा सा माझ्या पेटीशी कुठेच जुळत नाही. काळी चारच्या (पेटीची चौथी काळी पट्टी) वर लागतो, पण पांढरी सहाला पोचत नाही. प्लगिनने जमेल का? बजेट शून्य. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम. नवीन काही घ्यायचं नाहीये.

कानसेन
ताई, आधी एक बरा डॅक (लॅपटॉपला जोडायचं, आवाज सुधारणारं यंत्र) घ्या. मी साडेसहा हजारांचा घेतला आणि तंबोऱ्याची जवारी पहिल्यांदा नीट ऐकू आली. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून ऐकून रियाज करू नये.

गंजका_पत्रा
बजेट शून्य लिहिलंय हो त्यांनी.
विनअँप वापरा. १९९७ पासूनचा माझा सोबती. त्यात पेसमेकर नावाचं प्लगिन होतं, लय, सूर आणि वेग अशा तीन वेगळ्या पट्ट्या सरकवायच्या. माझी मुलगी त्याच्यावरच तबला शिकली. बाकी फूबार लिहिणारे पावलोव्स्कीही आधी विनअँपवरच काम करत होते, तेव्हा मूळ ते मूळ.

पांढरी_पाच
फूबारमध्ये हे होतं. ‘इफेक्ट डीएसपी’ हा कंपोनंट घ्या (फूबारवाले प्लगिनला कंपोनंट म्हणतात), फाइलचं नाव एफओओ_डीएसपी_इफेक्ट. फूबारच्या स्वतःच्या साइटवर कंपोनंट्सच्या यादीत आहे. कंट्रोल + पी दाबा, कंपोनंट्समध्ये जाऊन इन्स्टॉल करा, प्लेअर बंद करून परत उघडा. मग प्लेबॅकखाली डीएसपी मॅनेजरमध्ये पिच, टेंपो आणि प्लेबॅक रेट असे तीन वेगवेगळे इफेक्ट दिसतील. हवा तो चालू यादीत ओढायचा. लय ७० टक्क्यांच्या खाली नेलीत तर आवाज खडबडीत होतो, त्यामुळे मी ८० वरच थांबतो.

देवा_रे_देवा
वरचं करण्याआधी हे वाचा. मी दुसऱ्याच कुठल्या साइटवरून जुना कंपोनंट उतरवला आणि अख्खी संध्याकाळ घालवली. फूबारची दुसरी आवृत्ती २०२३ला आली, ती ३२ आणि ६४ बिट दोन्हींत मिळते. ६४ बिटच्या प्लेअरला ३२ बिटचा कंपोनंट चालत नाही. हेल्पमध्ये अबाउट उघडून तुमचा कुठला आहे ते आधी बघा. प्रयोग करायचे तर इन्स्टॉल करताना ‘पोर्टेबल’ निवडून वेगळ्या फोल्डरात टाका. बिघडलं तर फोल्डर उडवायचा, मूळ प्लेअरला धक्का नाही.

रानपाखरू
व्हीएलसी आहे ना! चौकोनी कंस दाबला की वेग कमीजास्त. एवढा खटाटोप कशाला?

कानसेन
एमपी३ का केल्या पण? फ्लॅक (आवाजातलं काही न गाळणारी फाइल) करायला हव्या होत्या. कॅसेट झिजते, परत वाजवून घेता येईलच असं नाही. माझ्या वडिलांच्या चाळीस कॅसेट मी स्वतः फ्लॅक केल्या, दोन दिवाळ्या लागल्या.

गंजका_पत्रा
कॅसेटवरच्या आवाजाला फ्लॅक कशाला? ३२० चा एमपी३ आणि फ्लॅक डोळे मिटून ओळखून दाखवा.

कानसेन
ओळखायचा प्रश्न नाही, जपायचा आहे. पुढे खरखर काढायची असेल तर मूळ चांगलं हवं.

तारषड्ज
पट्टीबद्दल कोणीच नीट बोललं नाही. ताई, पिच इफेक्ट लावू नका. सा दोन पट्ट्यांच्या मध्ये लागतोय म्हणजे बाई तशा गात नव्हत्या, टेप वेगात वाजते आहे. वेग चढला की सूर आणि लय दोन्ही चढतात, म्हणून दुरुस्ती ‘प्लेबॅक रेट’ने करायची. एका पट्टीचा फरक म्हणजे सुमारे ६ टक्के, अर्ध्याला ३. रेट उणे ३ करून पेटीची काळी चार धरा, जुळेल. नुसता पिच उतरवलात तर सूर जुळेल, पण बाईंची लय पळतीच राहील.
एक विचारतो: शिकवणीत रेकॉर्डर सेलवर चालायचा का?

स्वरवेडी_मिरज
हो! आमच्याकडे दुपारी वीज जायची, सेलवरच असायचा. का?

तारषड्ज
मग तेच. सेल उतरत गेले की रेकॉर्ड करताना टेप हळू फिरते. नंतर चांगल्या डेकवर वाजवली की सगळं चढं ऐकू येतं. आणि सेल जसे संपत जातील तसा सा वर वर जातो. एका बाजूची सुरुवात आणि शेवट पेटीवर ताडून बघा. फरक निघाला तर एक आकडा पुरणार नाही. दोन-तीन रेट वेगवेगळ्या नावांनी साठवून ठेवा, डीएसपी मॅनेजरमध्ये ती सोय आहे.

शुद्धनिषाद
अवांतर: पेटीवर ताडायचंच कशाला? पेटीचे बारा स्वर समान अंतरावर ठोकलेले, आपले गंधार-निषाद त्यात बसतच नाहीत. पेटीने कान बिघडतो.

गंजका_पत्रा
पेटी नसती तर निम्मी संगीत नाटकं उभी राहिली नसती.

रानपाखरू
+१ इफेक्ट डीएसपी. मीही तेच सुचवणार होतो.

स्वरवेडी_मिरज
सगळ्यांचे आभार. प्लेअर ६४ बिटचा निघाला, देवा_रे_देवा, तुमच्यामुळे संध्याकाळ वाचली. कंपोनंट साइटवरूनच घेतला.
तारषड्ज, अगदी तसंच आहे. कॅसेट तीनच्या ‘अ’ बाजूला यमनाची सुरुवात बरोब्बर काळी चारला, आणि चाळीस मिनिटांनी बाई तराणा सांगतात तिथे सा जवळजवळ पांढरी सहाला टेकतो. उणे ३ लावून पाहिलं, मधला भाग जुळला. पण रेट उतरवला की बाईंचा आवाज जरा जड वाटतो. त्यांचा खरा आवाज तोच असणार, हे मला पटतं. तरी तीस वर्षं ह्या कॅसेटवर जो ऐकला तो हा नाही.
म्हणून मी रेट आणि पिच दोन्ही काढून टाकले. पेटीही मिटवली. आईचा तंबोरा माळ्यावरून काढला, इथेच तारा बदलून घेतल्या. कॅसेटचा जो भाग लावीन त्याच्या सुरात तंबोरा लावते, खुंटीने जवळ आणायचा आणि तारांवरचे मणी सरकवून नेमका करायचा. दहा मिनिटांनी टेप चढली की परत मणी. फूबारमध्ये फक्त टेंपो ८५ वर ठेवलाय, तानांपुरता. काल तराण्याची दुसरी ओळ बसली.

तारषड्ज
रेट लावला असतात तर मणी एकदाच सरकवावे लागले असते. पण तंबोरा खाली आला हे उत्तम.

कानसेन
जमलं तर कॅसेट तीन पुन्हा फ्लॅकमध्ये घ्या. मूळ कॅसेट फेकल्या नाहीत ना?

स्वरवेडी_मिरज
नाही नाही. कपाटात आहेत, बाईंच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट.