मदत हवी आहे: ४८ टीबीची फाईलसिस्टीम बनायला रात्र पुरत नाही, यूपीएस चाळीस मिनिटांचा

नमस्कार मंडळी,

मी खानापूरचा. आमच्या भागातल्या वाचनालयांतली जुनी पुस्तकं, इतिवृत्ताच्या वह्या आणि थोडे मोडीतले कागद स्कॅन करून ठेवायचं काम आम्ही चौघं करतोय. कागदाला कसर लागलीय, पान उलटताना कडेचा तुकडा बोटाला चिकटून येतो. त्यामुळं हे काम पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही.

एका पानाची टिफ फाईल साधारण ३० एमबीची होते. वर्गणी काढून ८ टीबीच्या ८ डिस्का घेतल्या, लिनक्सवर सॉफ्टवेअर रेड-६ केलं (सगळ्या डिस्का मिळून एक, दोन बिघडल्या तरी डेटा वाचतो). दोन डिस्का पॅरिटीत, म्हणजे त्या बचावासाठी, गेल्या, हातात राहिले ४८ टीबी.

अडलंय ते पुढं. ईएक्सटी४ (लिनक्सची फाईलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायची व्यवस्था) करायला घेतलं की स्क्रीनवर ‘रायटिंग आयनोड टेबल्स’ येतं (आयनोड म्हणजे एकेका फाईलची नोंद ठेवायची जागा) आणि आकडा सरकायला लागतो. एकूण आकडा ३ लाख ५७ हजारांच्या वर. परवा रात्री नऊला लावलं, अकरा वाजले तरी वीस हजारांवरच. मग जांबोटी-कणकुंबीकडून पाऊस आला, लाईट गेली, यूपीएस चाळीस मिनिटं टिकला आणि मशीन बंद. परत पहिल्यापासून. तीनदा झालं असं.

एमकेएफएसला (फाईलसिस्टीम बनवणाऱ्या कमांडला) दोन गोष्टी सांगतोय: दर १६३८४ बाईटमागं एक आयनोड, आणि लेझी आयटेबल इनिट शून्य (म्हणजे आयनोडची सगळी टेबलं आधीच शून्यं लिहून तयार करायची). ५०० जीबीची डिस्क होती तेव्हा वहीत लिहून ठेवलेलं, तेच आजवर वापरत आलोय. रेड परवाच जोडलंय. कुठं चुकतंय ते सांगा, कळकळीची विनंती.

निपाणीकर
दादा, एक्सएफएस (दुसरी फाईलसिस्टीम) करा की. त्यात आयनोड आधी मांडून ठेवत नाहीत, लागतील तसे तयार होतात. एवढ्या मोठ्या जागेलाही काही सेकंद लागतात. मी पण व्हिडिओच्या कामाला तेच केलो होतो.

धागाकर्ता
विचार केला होता. पण पुढं यातलाच एक तुकडा कापून दुसऱ्या वाचनालयाला द्यायचं बोलणं झालंय. एक्सएफएस वाढवता येतं, पण असं कापून लहान करता येत नाही. ईएक्सटी४ निदान अनमाउंट करून (वापरातून काढून) लहान करता येतं. म्हणून तेच हवंय.

उद्यमबाग
तुमची वहीच नडतेय. हिशेब बघा. ४८ टीबीला १६३८४ ने भागलं तर सुमारे २९३ कोटी आयनोड. एक आयनोड २५६ बाईटचा. म्हणजे एकही पान ठेवायच्या आधी ७५० जीबी नुसती शून्यं लिहायची. काहीच सांगितलं नसतं तरी १६ टीबीच्या वर एमकेएफएस स्वतःहून ६५५३६ चं प्रमाण धरतं, म्हणजे चौथाई काम. तुमच्या आकड्यानं ते मोडलं.

तुमची फाईल ३० एमबीची. पूर्ण भरलं तरी १६ लाख फाईली. ‘लार्जफाईल’ हा प्रकार द्या, त्यात १ एमबीमागं एक आयनोड पडतो. साडेचार कोटी आयनोड, टेबलं सगळी मिळून १२ जीबीच्या आत. लहान टेक्स्ट फाईली किंवा थंबनेल लाखोंनी ठेवणार असाल तर मात्र आधी मोजा, कारण हे प्रमाण नंतर बदलता येत नाही.

दुसरं, लेझी आयटेबल इनिट १ करा. कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.३७ पासून टेबलं शून्य करायचं काम माउंट झाल्यावर (वापरात घेतल्यावर) कर्नल मागं मागं करतो. एमकेएफएस तेवढ्यासाठी थांबत नाही.

तिसरं, ईएक्सटी४ जागेचे गट पाडतं, ते १२८ एमबीचे असतात आणि फ्लेक्स बीजी या सोयीमुळं १६ गटांची टेबलं एकाजागी येतात. कॅपिटल जी देऊन तो आकडा २५६ केलात तर डिस्कचं हेड कमी पळतं. आणि आधी स्मॉल एन लावून चालवा: काही लिहीत नाही, किती आयनोड होतील एवढं दाखवतं.

टिळकवाडी
रेड परवाच जोडलंय म्हणता, मग रीसिंक (डिस्कांची पॅरिटी जुळवणं) चालूच असणार. प्रॉक एमडीस्टॅट (रेडची स्थिती दाखवणारी फाईल) उघडून बघा. ८ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीनं गेली तरी पंधरा तास लागतात, आणि त्याच डिस्कांवर तुमचं लिहिणं. दोघं एकमेकांना अडवतायत. रीसिंक संपू दे, नाहीतर तेवढ्यापुरतं स्पीड लिमिट मॅक्स (रीसिंकची वेगमर्यादा) खाली आणा.

आणि राखीव जागा बघा हं. ईएक्सटी४ ५ टक्के रूटसाठी (मशीनच्या मुख्य खात्यासाठी) ठेवतं, तुमच्याकडं ते २.४ टीबी होतात. नुसत्या साठवणीला एवढं कशाला? स्मॉल एम शून्य द्या.

धागाकर्ता
एमडीस्टॅट बघितलं, रीसिंक ३१ टक्क्यांवर आहे. थांबतो. एकच भीती: माउंट झाल्यावर ते मागचं शून्य करणं चालू असताना लाईट गेली तर?

उद्यमबाग
काही होत नाही. कुठल्या गटाचं टेबल झालं याची खूण त्या गटाच्या नोंदीत राहते. परत माउंट केलं की उरलेल्या गटांपासून पुढं चालू. आयओटॉपमध्ये (डिस्कवर कोण लिहितंय ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) ‘ईएक्सटी४लेझीइनिट’ दिसेल, ते संपेपर्यंत डिस्कचा दिवा लुकलुकत राहील. घाबरून मशीन बंद करू नका.

धागाकर्ता
झालं! आज दुपारी रीसिंक संपलं. स्मॉल एन लावून आयनोड बघितले, साडेचार कोटीच. मग खरं चालवलं. चहा गाळून आणेपर्यंत प्रॉम्प्ट परत आलेला, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मधे लाईट गेली होती, पण यूपीएसवरच निभावलं. लेझीइनिट अजून चालू आहे, राहू दे. पहिल्या वहीची २१२ पानं चढवली. वहीतल्या त्या दोन ओळी खोडून नवीन लिहून ठेवल्यात. मंडळी, मनापासून आभार.