शब्दचर्चा: वर्णद्वेष, वंशद्वेष की नुसतं हिणवणं? (शिल्पा शेट्टी, बिग ब्रदर २००७)

शंकासुर:
एक शब्द अडलाय, मदत करा. परवा जेवताना २००७ च्या सेलिब्रिटी बिग ब्रदरचा विषय निघाला, तोच इंग्लंडातला, आपल्या बिग बॉससारखा शो, शिल्पा शेट्टी जिंकलेली तो. भाची विचारत होती फायनलला एवढं काय झालेलं, आणि मी सांगायला गेलो तर "तिच्याशी रेसिझम झाला म्हणून लोकांनी तिला जिंकवलं" यातल्या रेसिझमपाशीच गाडी अडली. वर्णद्वेष म्हटलं तर मला थेट दक्षिण आफ्रिका आणि मंडेला दिसतात, वर्णभेद म्हटलं तर आई म्हणाली चातुर्वर्ण्य का, वंशवाद म्हटलं तर भाचीला वाटलं घराणेशाही कारण हिंदी चॅनलवर तोच अर्थ, आणि नुसतं रेस म्हटलं तर बाबा डायरेक्ट महालक्ष्मीच्या घोड्यांवर. उपप्रश्न: ती फायनल फेअर होती का यावरून नंतर घरात जुंपली, तर या फेअरला मराठीत काय म्हणायचं?

फेअरवही:
फेअरला फेअरच रे बाबा. शाळेत रफ वही आणि फेअर वही होती तेव्हापासून तो शब्द आपल्यातलाच झालाय. न्याय्य कुणी बोलत नाही आणि रास्त फक्त रास्त भावाच्या दुकानावर उरलाय. गंमत म्हणजे फेअर नसण्याला मात्र आपल्याकडे ढीगभर शब्द आहेत, पार्शालिटी, वशिला, दुजाभाव, रडीचा डाव, पंक्तिप्रपंच. (आणि लग्नाच्या जाहिरातीत फेअर म्हणजे गोरी, तिथे न्यायाचा काही संबंध नाही, उलटच.)

यातला पंक्तिप्रपंच मला या शोला फिट्ट वाटतो. वाढपी सगळ्यांनाच वाढतो, उपाशी कुणाला ठेवत नाही, फक्त ओळखीच्या पानावर तुपाची धार जरा जास्त वेळ धरतो. फोनवरून मतं देणारी पब्लिक म्हणजे वाढपीच की. शिल्पाला फायनलला ६३ टक्के मतं पडली, म्हणजे लोकांनी तूपच ओतलं तिच्या पानात. ते खेळ बघून की कीव येऊन, हा तुमच्या घरातला वाद असणार बहुतेक.

हौन्स्लोकर:
मी तेव्हा तिथेच होते हो, लंडनच्या हौन्स्लोत, त्यामुळे हा प्रकार रोज रात्री बघितलाय. आधी काय झालं ते नीट मांडू दे मग शब्द शोधा. शोच्या घरात तीन जणींचा ग्रुप झाला, आधीच्या बिग ब्रदरमुळे नावारूपाला आलेली जेड गुडी, मॉडेल डॅनियल लॉइड आणि गायिका जो ओमेरा. जेडची आई पण सुरुवातीला घरात होती, तिला शिल्पा हे नाव काही म्हणता येईना मग ती "ती इंडियन" असंच म्हणायची. जेडने पाठीमागे शिल्पा पॉपडम म्हटलं, म्हणजे आपला पापड. ऑक्सोच्या वड्या असतात ना सूपात टाकायच्या, त्यावरून घर डोक्यावर घेणारं भांडण झालं. आणि डॅनियल काय म्हणाली, तर हिने आमच्या जेवणाला हात लावलेला मला नको, ते हात कुठे कुठे लागलेले असतील कुणास ठाऊक.

ऑफकॉम म्हणून टीव्हीवर देखरेख ठेवणारी संस्था आहे तिच्याकडे ४४ हजारांच्या वर तक्रारी गेल्या. पाटण्यात पुतळे जाळले. १९ जानेवारीला जेड ८२ टक्के मतांनी बाहेर आणि २८ ला फायनल. आणि शो दाखवणाऱ्या चॅनल फोरचं म्हणणं काय होतं, तर उघड वांशिक शेरेबाजी झालेली नाही, हा सांस्कृतिक आणि वर्गीय संघर्ष आहे. खुद्द शिल्पाच आधी म्हणाली की हे वांशिक आहे आणि मग म्हणाली नाही मला तसं वाटत नाही. आता द्या शब्द.

ते हातांचं टीव्हीवर लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या बाईने मला अगदी गोड आवाजात विचारलं, तुमच्यात सगळे हातानेच जेवतात ना? मी आपली डब्यातली पोळीभाजी काट्याने खात बसले त्या दिवशी. आजही राग येतो, तिचा नाही, माझा.

वरणफळ:
मावशी तुम्ही ते हात लावायचं सांगितलंत ना त्याला तर आपल्याकडे रेडिमेड शब्द आहे. शिवाशिव. विटाळ. डिक्शनरी उघडायची पण गरज नाही.

शंकासुर:
ओह. हे डोक्यातच नव्हतं आलं. पण शिवाशिव म्हटलं की ती जातीचीच होते ना, इंग्लंडातल्या बाईला तो शब्द लावला तर अर्थ हलत नाही का?

वरणफळ:
हलू दे की. उलट मला भीती वेगळीच आहे, आपण तो शब्द डॅनियलला लावून मोकळे होणार आणि घरात कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप खिडकीत वेगळा पालथा असणार. २००७ ला आमच्या बिल्डिंगमध्ये शिल्पासाठी केवढे चिडले होते सगळे, आमचे आजोबा तर सगळ्यात जास्त, आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात कोण येऊ शकतं कोण नाही याची यादी पाठ होती आम्हाला. तेव्हा वर्णद्वेष हा शब्द पेपरात वाचून सगळ्यांना बरं वाटत होतं कारण तो लांबचा होता. शिवाशिव म्हटलं असतं तर टीव्ही बंद झाला असता.

फेअरवही:
हे मान्य, पण सगळ्याच प्रकाराला शिवाशिव नाही पुरणार. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. आपली गडबड "द्वेष" मुळे होते. द्वेष फार मोठा शब्द आहे, त्याला दात ओठ लागतात, मग समोरचा लगेच म्हणतो मी कुठे द्वेष केला, मी तर मस्करी केली, आणि चर्चा तिथेच मरते. पापड म्हणण्याला नेमकं क्रियापद आहे, हिणवणं. चिडवणं बरोबरीच्यांत चालतं, मित्र मित्राला चिडवतो. डिवचणं म्हणजे समोरच्याने भडकावं म्हणून मुद्दाम काडी घालणं. पण हिणवायला समोरचा आधी हीन ठरवावा लागतो, मग तो जातीने असो रंगाने असो की इंग्रजीने. त्यात द्वेष असलाच पाहिजे असं नाही, हसत हसत होतं ते. म्हणून भाचीला सांग, "भारतीय म्हणून हिणवलं". काय म्हणून ते पुढे लावलं की बाकी सगळं आपोआप कळतं.

हौन्स्लोकर:
अहो पण मग चॅनलवाल्यांनी तेच तर केलं, शब्द लहान केला! संघर्ष म्हटलं की दोघींची चूक निम्मी निम्मी. मे महिन्यात ऑफकॉमने निकाल दिला तेव्हा चॅनलने नियम मोडले असंच म्हटलं, आणि तो निकाल त्यांना स्वतःच्याच चॅनलवर तीनदा सांगायला लावला. हिणवणं म्हटलं की ते चाळीतलं भांडण वाटतं हो.

फेअरवही:
ताई, चाळीतलं भांडण लहान असतं हे कुणी सांगितलं तुम्हाला :)

शंकासुर:
फायनल राहिलीच. आमच्याकडे एक पार्टी म्हणते तिला न्याय मिळाला, दुसरी म्हणते सिंपथी व्होट, म्हणजे रडीचा डाव.

वरणफळ:
रडीचा डाव चुकतोय. रडी खेळणारा स्वतः चिडीचा खेळतो, आउट झाला तरी नाही म्हणतो. शिल्पाने कुठे डाव मोडला? आणि मायकल जॅक्सनचा भाऊ जर्मेन जॅक्सन दुसरा आला, अमेरिकन नट डर्क बेनेडिक्ट तिसरा, म्हणजे पहिले दोन गोरे नव्हतेच, त्यामुळे ब्रिटिश पब्लिकला एका रंगात काढायलाही जमत नाही. मला वाटतं शब्द भरपाई हवा. एसटीच्या अपघातानंतर मिळते तशी. न्याय म्हणजे झालं ते मुळात झालं नसतं.

हौन्स्लोकर:
भरपाई बरोबर वाटतंय. पण एक विसरू नका, चॅनल म्हणत होतं त्या वर्गाचं अगदीच खोटं नव्हतं. ऑक्सोच्या भांडणात शिल्पाने पण जेडला उच्चारांचा क्लास लाव म्हणून सुनावलं होतं. जेड लंडनच्या बर्मंड्सी या कामगार वस्तीतली, दातांच्या दवाखान्यात नर्स होती, आणि २००२ ला ती पहिल्यांदा बिग ब्रदरमध्ये आली तेव्हा तिथल्या पेपरांनी तिला डुकरीण म्हटलेलं. तिचे स्वतःचे वडील मिश्रवंशीय. हिणवणं कुणाला शिकवावं लागत नाही, पण तिला तर शिकवणी होती.

शंकासुर:
मग आता शेवटचा शब्द सांगा, भाचीचा प्रश्न आहे. २००८ ला आपल्या बिग बॉसचा दुसरा सीझन शिल्पा होस्ट करत होती आणि लोणावळ्याच्या त्या घरात जेड आली, दोनच दिवसांत तिला कॅन्सर असल्याचं तिथेच कळलं आणि ती परत गेली. मार्च २००९ ला वारलीच. शिल्पाने तिला माफ केलं म्हणायचं का?

फेअरवही:
माफ केलं हे कोर्टातलं वाटतं. पोटात घातलं.

वरणफळ:
पोटात घालायला समोरचा लहान लागतो, आणि थोडं आपलंही लागतं. सासू सुनेची चूक पोटात घालते (घालते म्हणे). इथे तर टीआरपी पण होता मध्ये.

हौन्स्लोकर:
शिल्पा सहा वर्षांनी मोठी होती हो जेडपेक्षा.