मदत हवी आहे : टॅनाक घरी बसला, 2026 साठी कोणाला घेऊ?

मागचा_गिअर

नमस्कार मंडळी, विषय जरा बारीक आहे पण इथे दोन-चार रॅलीवेडे आहेत म्हणून विचारतोय.

आमच्या घरात दरवर्षी वर्ल्ड रॅली चँपियनशिपवर पैज लागते. मी, बायको, मेहुणा आणि जर्मनीत असलेला भाचा असे चौघं. पैशाची भानगड नाही. वर्षाची पहिली रॅली मोंटे कार्लोची, तिच्या पहिल्या स्टेजच्या (वेळ लावून पळायचा टप्पा) आधी प्रत्येकाने दोन ड्रायव्हर घ्यायचे, दोघं वेगळ्या टीमचे पाहिजेत, एकाने घेतलेला दुसऱ्याला मिळत नाही, वर्षभर बदल नाही. सीझन संपला की दोघांचे पॉइंट मिळवायचे आणि शेवटचा येईल त्याने सगळ्यांना मस्तानी पाजायची. निवडीचा क्रम एक ते चार आणि मग उलटा चार ते एक. शेवटून आलेल्याला पहिला नंबर मिळतो, म्हणजे यंदा तो मान माझा, कारण मी ओट टॅनाकचा माणूस.

2018 पासून दरवर्षी डोळे मिटून टॅनाक घेतलाय. 2019 ला तो टोयोटातून चँपियन झाला तेव्हा मी सोसायटीत पेढे वाटले होते, लोकांना वाटलं मुलाला ॲडमिशन मिळाली. त्यानंतर साहेब ह्युंदाईत गेले, तिथून 2023 ला फोर्डवाल्या एम-स्पोर्टमध्ये, 2024 ला परत ह्युंदाईत, आणि मी आपला मागे मागे. आता म्हणे घरच्यांना वेळ द्यायचाय, 2026 ला पूर्ण सीझन नाही. बरोबर आहे त्याचं, पण माझं काय?

त्यात काले रोवानपेरापण गेला, तोही रॅली सोडून जपानला सुपर फॉर्म्युलात. पंचविशीतला पोरगा, दोन टायटल खिशात, आणि हा सर्किटवर गोल गोल फिरायला चालला! आता नक्की कोण कुठल्या गाडीत आहे ते कुणी सरळ सांगेल का? भाचा म्हणतो मामा डोळे झाकून ऑलिव्हर सोलबर्ग घे, पण त्याच्या सांगण्यावरून मी आधीही फसलोय. आणि 2025 ला हायब्रिडची इलेक्ट्रिक मोटर काढली तसं यंदा गाडीत काही बदललंय का? लवकर सांगा प्लीज, 22 जानेवारीला मोंटे सुरू होतेय.

हँडब्रेक

पेढ्यांचं वाचून हसलो.

टोयोटाकडे एल्फिन एव्हान्स, सोलबर्ग, काटसुता आणि सामी पयारी पूर्ण वर्ष, शिवाय सेबास्टियन ओजिए नेहमीसारखा निवडक रॅल्या. ह्युंदाईत थिएरी न्यूव्हिल आणि आद्रियाँ फोर्मो पूर्ण वर्ष, तिसरी गाडी डॅनी सोर्डो, एसापेका लाप्पी आणि हेडन पॅडन तिघांत वाटून. एम-स्पोर्टच्या फोर्ड प्यूमात जॉश मॅकरलीन आणि जॉन आर्मस्ट्राँग, दोघं आयर्लंडकडचे, त्यांचा जुना ड्रायव्हर मुन्स्टर गेला. संपलं.

गाडीत मोठं काही नाही. मोठा बदल गेल्या वर्षीच झाला, हायब्रिड युनिट काढलं, किमान वजन 1260 वरून 1180 किलोवर आणलं, इंजिनात हवा जाते तो रिस्ट्रिक्टर 36 वरून 35 मिमी केला, आणि वर टायर पिरेलीचे जाऊन हॅन्कूकचे आले. 2027 ला नियमच नवे येतायत, रॅली2 म्हणजे खालच्या वर्गातल्या गाड्यांच्या आसपासची ताकद आणि गाडीच्या किमतीवर 3,45,000 युरोची मर्यादा. त्यामुळे आत्ताच्या गाड्यांवर कोण कशाला जास्त पैसा ओतेल? ह्युंदाई यंदा अचानक सुधारेल या भरवशावर तरी राहू नका.

युवास्क्युलाची_सून

ह्युंदाईबद्दल अनुमोदन. 2025 च्या 14 रॅल्यांत टोयोटाने 12 जिंकल्या, ह्युंदाईने दोन, ग्रीसला टॅनाक आणि अगदी शेवटी सौदीला न्यूव्हिल. मी इथे फिनलंडला राहते, ऑगस्टमध्ये स्टेजच्या कडेला उभी होते, पहिल्या पाचात पाचही टोयोटा. नवरा फिन असून त्यालाच कंटाळा आला, म्हणे ही रॅली आहे की कंपनीची पिकनिक.

रोवानपेराचं इतकं मनाला लावून घेऊ नका हो. 2024 लापण तो अर्धंच वर्ष खेळला होता. 2025 ला पूर्ण वेळ आला तर सुरुवातीला त्याला त्या हॅन्कूक टायरचा अंदाजच येत नव्हता, कॅनरी आयलंडच्या डांबरी रस्त्यावर मात्र सगळ्यांना धुतलं. इथले लोक हळहळले पण आश्चर्य फार कुणाला वाटलं नाही.

चुनखडी

सोलबर्ग अजिबात घेऊ नका. 2022 ला ह्युंदाईत होता, काय दिवे लावले? एका वर्षात नारळ दिला त्यांनी. बापाच्या नावावर चाललंय सगळं.

हँडब्रेक

@चुनखडी बापाचं नाव आहेच, पेटर सोलबर्ग 2003 चा चँपियन, तोही पुढे नऊ टायटलं जिंकलेल्या लोबला एका पॉइंटने हरवून. पण 2022 चं अर्धंच सांगताय तुम्ही. तेव्हा पोरगा विशीचा, गाडी सोर्डोबरोबर वाटून मिळालेली, कधी मिळणार कधी नाही अशी, आणि रॅली1 या सगळ्यात वरच्या वर्गातल्या गाड्यांचं ते पहिलंच वर्ष. अशा सीटवर माणूस रुळणार कधी? त्यानंतर तो मुकाट्याने खाली रॅली2 त गेला, आधी स्कोडा, मग टोयोटाची यारिस रॅली2, आणि 2025 ला डब्ल्यूआरसी2 चा, म्हणजे या खालच्या वर्गाचा चँपियन झाला.

आणि त्याच वर्षी जुलैत टोयोटाने एस्टोनियाला त्याला एका रॅलीपुरती मोठी गाडी दिली, ती त्याने सरळ जिंकली. टॅनाकच्या घरच्या रॅलीत टॅनाकला दुसरा टाकून. धागाकर्ते, तुम्ही ते बघितलं असेल तर मुद्दाम आठवण काढल्याबद्दल माफ करा.

मागचा_गिअर

बघितलं होतं. त्या रविवारी घरात कोणी माझ्याशी बोललं नाही आणि भाच्याने व्हॉट्सॲपवर नुसता सोलबर्गचा फोटो टाकला, खाली काही नाही.

पण एक खरंच कळत नाही, टॅनाकचं नक्की बिनसलं काय? ड्रायव्हर तोच, को-ड्रायव्हर यार्व्हेओया तोच, मग टोयोटा सोडल्यावर एकदाही टायटल का नाही?

खडी_आणि_माती

यावर मी बरंच डोकं लावलंय म्हणून लांबण लावतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

टॅनाकला गाडीचं पुढचं टोक लागतं. स्टिअरिंग टाकलं की नाक वळलं पाहिजे, मागचं तो बघून घेतो. ह्युंदाई बराच काळ न्यूव्हिलच्या हातावर वाढलेली, तो 2014 पासून तिथेच आहे, त्याने मागितलं तशी गाडी होत गेली. टॅनाक 2020 ला आला आणि दुसऱ्याच रॅलीची वाट न बघता मोंटेलाच गाडी दरीत, 180 च्या स्पीडला, नशीब दोघं धड बाहेर आले. मग 2023 ला एम-स्पोर्टला गेला तर स्वीडन आणि चिले जिंकला, पण टीमकडे पैसा कमी, वर्षभर झुंजायचं बळ नाही. परत ह्युंदाईत आला तर 2024 ला जपानमध्ये शेवटच्या दिवशी पुढे असताना आपटला. त्या रॅलीत न्यूव्हिल पहिल्यांदा चँपियन झाला आणि ह्युंदाईचं टीम टायटल टोयोटाकडे तीन पॉइंटने गेलं, तीन! त्यामुळे टीम बदलली की नवीन गाडी मिळते एवढंच आपल्याला दिसतं, ती गाडी कुणाच्या मापाने शिवलीये ते दिसत नाही. फोर्मोचंपण तेच बघा, 2024 ला प्यूमात पाच पोडियम केले, म्हणजे पाचदा पहिल्या तिनात आला, आणि 2025 ला चांगली म्हणून ह्युंदाई घेतली तर नेमकं ह्युंदाईचंच वर्ष खराब.

म्हणून सोलबर्ग मला वेगळा वाटतो. तो खालच्या गाडीतून वरच्या गाडीत जातोय पण घर तेच आहे, टायर तेच आहेत, आणि मोठी गाडी हाताला लागते हे एस्टोनियात कळलंय. चुका करेल, झाडाबिडाला लावेल दोन-तीनदा. पण रुळायला सहा महिने नाही लागायचे.

युवास्क्युलाची_सून

सगळं खरं, पण मागचा_गिअर यांची पैज वेगळीच आहे हे कुणी बघतंय का? वेगळ्या टीमचे दोन पाहिजेत आणि टीम तीनच. म्हणजे चौघांपैकी प्रत्येकाला जास्तीत जास्त एक टोयोटा. चांगल्या टोयोटा पाच आहेत, त्या सगळ्यांना पुरतात. टोयोटा सोडून धडाचे पूर्ण वर्षाचे दोनच, न्यूव्हिल आणि फोर्मो! तुमची पहिली निवड आणि मग थेट आठवी. पहिली एव्हान्सवर घालवलीत तर आठव्या नंबरला तुमच्या ताटात फोर्डवाला पडणार. उलट पहिल्याच फटक्यात न्यूव्हिल घ्या, शेवटी पयारी किंवा काटसुता यातला एक उरतोच.

चुनखडी

हे मात्र डोकेबाज आहे 👏 सोलबर्गबद्दल शब्द मागे घेतो, अर्धे.

खडी_आणि_माती

ताई, गणित सुंदर पण एक खोट आहे. एव्हान्स गेल्या वर्षी 289 वर होता, ओजिए 293, फरक चारचा. न्यूव्हिल त्यांच्या आसपासही नव्हता. एव्हान्स पाच वेळा दुसरा आलाय, टायटल नाही, त्यामुळे लोक हसतात, पण पैजेत टायटल कुठे मोजताय, पॉइंट मोजताय ना? गाडी आपटत नाही, दर रॅलीला काहीतरी घरी आणतो, मध्यमवर्गीय पगारासारखा. फोर्डवाल्याने वर्षभरात थोडे जरी आणले तरी बेरीज बरी होते.

मागचा_गिअर

आणि ओजिए? 2025 ला तीन रॅल्या सोडूनही चँपियन झाला की.

हँडब्रेक

हो, 11 खेळून सहा जिंकल्या, नववं टायटल, लोबशी बरोबरी. पण त्यात एक गंमत आहे. मातीच्या रॅलीत शुक्रवारी पॉइंटमध्ये जो पुढे तो रस्त्यावर पहिला सुटतो, सुटी खडी झाडायचं काम त्याचं, मागच्यांना साफ रस्ता. ओजिए मध्ये मध्ये सुट्टी घेतो त्यामुळे सुरुवातीचे काही महिने झाडू बहुतेक एव्हान्सच्या हातात. त्याने यंदा किती रॅल्या खेळायच्या हे तो मनाला येईल तसं ठरवणार. टायटल आलंय, वय 42, दहावं पाहिजे असेल तर येईल, नाहीतर घरी बसेल. मी पहिली निवड अशा माणसावर लावणार नाही.

कुत्तरमारे

अवांतर : नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची तेव्हा आम्ही घरून चटणी-भाकरी बांधून शेतात बसायचो बघायला. आता आपले पुण्याचे संजय टकले थेट वाळवंटातल्या डकार क्लासिक रॅलीपर्यंत पोचले. चालू द्या तुमचं मोंटे कार्लो.

आणि लान्सिया परत आलीये ते कुणीच नाही बोललं! इप्सिलॉन रॅली2, डब्ल्यूआरसी2 मध्ये, योहान रोसेल सिट्रोएन सोडून तिकडे गेला. टीमची दहा टायटलं आहेत लान्सियाची, टोयोटा नवावर. पैजेत चालत असेल तर मी भावनेच्या भरात तीच घेईन.

मागचा_गिअर

पैजेत डब्ल्यूआरसी2 चालत नाही, मेहुण्याने तो नियम खास माझ्यासाठी केलाय.

अपडेट : काल रात्री व्हिडिओ कॉलवर निवड झाली. ताईंचं ऐकून पहिला न्यूव्हिल घेतला. बायकोने एव्हान्स, मेहुण्याने ओजिए, भाच्याने चौथ्या नंबरला सोलबर्ग आणि लगेच पाचव्याला फोर्मो. मेहुण्याला मॅकरलीन घ्यावा लागला, बायकोला आर्मस्ट्राँग, आणि मेहुणा अर्धा तास नियमच चुकीचा आहे म्हणून भांडत होता. त्यालाच विचारलं तेव्हा नियम कुणी केला.

आता माझी आठवी बाकी आहे, आज रात्री नऊपर्यंत सांगायचंय. पयारी की काटसुता? काटसुता दोनदा दुसरा आला गेल्या वर्षी, स्वीडन आणि फिनलंडला, पण आपटतो फार. पयारी जपानला तिसरा आला, पहिलं पोडियम.

युवास्क्युलाची_सून

पयारी. नवरापण हेच म्हणतोय, पण तो फिन आहे, त्याचं मत धरू नका.

चुनखडी

काटसुता घ्या, एकदा तरी जिंकेल यंदा.

मागचा_गिअर

बायको म्हणतेय काटसुता घेऊ नकोस, म्हणजे काटसुताच घ्यायला पाहिजे बहुतेक. नऊला पाच कमी आहेत, टाकतो मेसेज.