मदत हवी आहे: उंच केलेल्या गाडीचा मागचा ॲक्सल बदलतोय, पिनियनचा (शाफ्ट ॲक्सलला जिथे जोडतो त्या नाकाचा) कोन किती ठेवू?

नमस्कार मंडळी,

वेल्डिंग मशीन लावून ठेवलंय आणि हात थांबलाय, म्हणून धागा काढतोय. लांबलाय थोडा, पण अर्धवट माहिती दिली की आधी दहा प्रश्न येतात आणि मग उत्तर. तेव्हा सगळंच सांगून टाकतो.

गाडी जीप चेरोकी एक्सजे, ४ लिटर, ऑटोमॅटिक. साडेचार इंच लिफ्ट, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), ३३ इंची टायर. लिफ्ट केल्यावर मागच्या ॲक्सलकडे जाणारा लांब शाफ्ट थरथरायला लागला होता. तेव्हा ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटून देणारी पेटी) सरकता योक, म्हणजे शाफ्ट जोडायचा बेचका, काढून पक्का योक बसवला आणि त्या टोकाला डबल क्रॉसचा (दोन सांधे शेजारी शेजारी असलेला) शाफ्ट घातला. त्यानंतर गाडी एकदम गुळगुळीत.

गेल्या महिन्यात ओढ्यातून वर चढताना मागचं डावं चाक दगडांच्या खाचेत अडकलं. खरं तर उतरून दोन दगड बाजूला करायचे होते. मी लो गिअरमध्ये पाय दाबला. चाक उसळलं, हवेत फिरलं, परत टेकलं आणि 'टक्' झालं. मोठा आवाज नाही हो, वाळकी काटकी मोडावी तेवढाच. उतरून बघतो तर चाक ड्रमसकट चार बोटं बाहेर आलेलं. सी-क्लिपचा (शाफ्ट आतल्या टोकाला चापाने अडकवलेला) ॲक्सल आहे, आतला चाक फिरवणारा शाफ्ट तुटला की चाकाला आत धरून ठेवणारं काही उरतच नाही. तुटलेल्या टोकाच्या स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दाते) दोरीसारख्या पिळल्या होत्या. दोष गाडीचा नाही, माझ्या उजव्या पायाचा. छोट्या टायरसाठी बनवलेल्या शाफ्टला ३३ इंची चाकं लावून वर त्याला दगडात घातलं.

तोच शाफ्ट परत घालण्यापेक्षा अख्खा ॲक्सलच बदलायचं ठरवलं. १९९५ नंतरच्या फोर्ड एक्सप्लोररचा '८.८' नावाचा ॲक्सल मिळाला. ३१ स्प्लाइन, डिस्क ब्रेक आणि चाकाचे पाच बोल्ट त्याच ११४.३ मिमीच्या मापावर, म्हणजे रिम त्याच चालतात. जुना २७ स्प्लाइनचा होता. शेजारी शेजारी ठेवले तर जाडीत फरक जेमतेम दिसतो, पण पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. कव्हरच्या बोल्टखाली गंजलेली पत्र्याची चिठ्ठी होती, तारेच्या ब्रशने घासल्यावर '४एल१०' वाचता आलं. म्हणजे रेशो ४.१० (शाफ्टचे ४.१० फेरे, चाकाचा एक) आणि लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं डिफरन्शियल). मूळ टायर २८.३ इंची, मूळ रेशो ३.५५. ३३ वर तोच जोर हवा तर ३.५५ गुणिले ३३ भागिले २८.३, म्हणजे ४.१४ लागतो. नशीबच म्हणायचं. पुढचा ॲक्सल अजून ३.५५ वर आहे हे माहीत आहे, तो बदलेपर्यंत फोर-व्हील लावणार नाही. त्यावरून ओरडू नका.

आता अडचण. ८.८ ची नळी सव्वातीन इंची, जुन्यापेक्षा जाड, त्यामुळे पाट्यांच्या बैठका नव्या घ्याव्या लागल्या. जुन्या ग्राइंडरने उडवल्या. नव्यांमधलं अंतर जुन्या ॲक्सलवरून मोजून घेतलं. बॉडीखाली घोड्या (स्टँड) लावून ॲक्सल खाली सोडला, शाफ्टचा उतार मोजला तो २४ अंश निघाला. डबल क्रॉसला पिनियन शाफ्टच्या रेषेत पण एक-दोन अंश खाली ठेवतात, म्हणून पिनियन २२ अंशांवर आणला आणि बैठकांना टाके (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारले.

तर:

१. २२ अंश बरोबर आहे का? डोळ्यांना पिनियनचं नाक फारच वर वाटतंय.
२. या ॲक्सलचं डिफरन्शियल मध्यापासून साधारण २ इंच बाजूला आहे. शाफ्ट तिरका जाईल, त्याने थरथर होईल का?
३. फुल वेल्ड मारताना नळी वाकू नये म्हणून काय करता?

जाणकारांनी कृपया लवकर सांगावं, गाडी घोड्यांवर आहे आणि बाकीची वाहनं बाहेर उन्हात.

प्रतिसाद:

वेल्ड मारू नका! तुमच्या डोळ्यांना जे वाटतंय तेच बरोबर आहे.

ॲक्सल लोंबकळत असताना तुम्ही शाफ्टचा उतार मोजलात. चाकं जमिनीवर आली, पाट्यांवर वजन बसलं की ॲक्सल वर येतो आणि शाफ्ट सपाट होतो. गाडी त्या स्थितीत चालते, घोड्यांवर नाही. टाके आहेत तसे राहू द्या, यू-बोल्ट बेताचे आवळा, चाकं लावा, गाडी खाली उतरवा. मागचा बंपर दोन-चार वेळा दाबून सोडा म्हणजे पाटे आपल्या जागी बसतील. मग मोजा. पाट्यांच्या डोळ्यांतले बुशचे बोल्टही तेव्हाच आवळायचे. लोंबकळत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पिनियन एक-दोन अंश खाली का, तेही सांगतो. रेस दिली की चाकं पुढे फिरतात आणि हौसिंग उलटं फिरायला बघतं, पाटे पिळले जातात आणि पिनियनचं नाक वर उचलतं. ती जागा आधीच सोडून ठेवायची. पाटे जुने, मऊ असतील तर दोन अंश सोडा.

प्रतिसाद:

वरच्यांशी सहमत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: २ इंचांचं घाबरू नका. क्रॉसला उभा कोन काय आणि आडवा काय, तो एकूण कोनच बघतो. शाफ्टच्या लांबीवर २ इंच म्हणजे फार नाही, हा ॲक्सल एक्सजेला लावणारे तसाच चालवतात.

वेल्डिंगचं म्हणाल तर एका दमात ओढू नका. इंचभर डावीकडे, मग उजवीकडे, मग डावीच्या मागच्या अंगाला. मध्ये हात लावून बघा, चटका बसत असेल तर चहा घेऊन या. ऑइल सील आधी काढून ठेवा. बॅटरीची तार सोडा आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या शेजारी नळीवरच लावा. बॉडीवर लावलात तर करंट बेअरिंगमधून वाट काढेल आणि त्यावर खड्डे पडतील. आणखी एक, ८.८ च्या नळ्या मधल्या ओतीव भागात नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, वर प्लग वेल्डचे ठिपके. दगडात जाणार असाल तर तो जोड पूर्ण वेल्ड करून घ्या. पण ते ओतीव लोखंड आहे, आधी तापवायचं, निकेलचा रॉड वापरायचा आणि सावकाश थंड होऊ द्यायचं. हाताला सवय नसेल तर तेवढं काम दुसऱ्याकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

धागाकर्ता:

दोघांचेही आभार. गाडी खाली घेतली. शाफ्ट १७ अंश, पिनियन २१! म्हणजे खाली असायचा तो चार अंश वर होता, आणि रेस दिल्यावर आणखी वर गेला असता.

टाके कापले. पिनियन साडेपंधरावर आणायचा तर नळी साडेपाच अंश फिरवायची, म्हणजे घेरावर जेमतेम चार मिलिमीटर. खडूची एक रेघ ओढली, दुसरी तिच्या शेजारी, आणि दोन्हींमध्ये नखाएवढी जागा. एवढ्याशा फरकासाठी मी अख्खा शाफ्ट घालवला असता.

दुसरी चूकही सापडली. दोन बैठका एकमेकींशी एका अंशाने वाकड्या होत्या. अँगल गेज रंगाच्या फुगवट्यावर टेकवलं होतं. रंग खरवडला, दोन्हींवर एक सरळ पट्टी आडवी ठेवली आणि मग टाके मारले. परत गाडी खाली, परत मोजलं: शाफ्ट १७, पिनियन साडेपंधरा. आता मारू का वेल्ड?

प्रतिसाद:

मारा आता. यू-बोल्ट नवीनच घाला, एकदा ताणलेले परत वापरायचे नाहीत, आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा टॉर्क रेंच लावा. हौसिंगची हवा जायची नळी विसरू नका. ती बुजली की आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून चाकाकडे येतं, मग लोक सीललाच शिव्या देतात. लिमिटेड स्लिप आहे तर गिअर ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर हवाच, नाहीतर वळणावर मागून कुरकुर ऐकू येईल. नाक वर आहे म्हणून पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला तेल कमी पोचतं, थोडं जास्त भरा. आणि गाडी परत उचलून चाकं लोंबकळू द्या, ब्रेकचा होज ताणला जातोय का बघा.

धागाकर्ता:

वेल्ड झाला, दोन दिवस लावले. होज खरंच ताणला जात होता, लांबीचा नवा घातला आणि ब्रेकची हवा काढली. काल गाडी बाहेर काढली. लिफ्ट केल्यावर ८० च्या पुढे आरशात मागची गाडी थरथरताना दिसायची, तसं आता काही नाही, आरसा स्थिर. रेस सोडल्यावर बारीक गुंईं येते, पण यू-बोल्ट पुन्हा आवळून मग त्याचं बघू. घरात कुणी सवयीने फोर-व्हीलचा दांडा ओढू नये म्हणून पुढचा शाफ्टच काढून कोपऱ्यात उभा केलाय.

हँडब्रेकची उजवीकडची केबल मात्र अजून बसत नाहीये. जुन्या ड्रमची लांब पडते, एक्सप्लोररची मधल्या कडीला पोचत नाही. कुणी दोन्ही जोडून केलं असेल तर फोटो टाका.