मदत हवी आहे: डायव्हिंगचं सामान विमानाच्या १५ किलोत कसं बसवावं?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आठवडाभर अंदमानला, हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) डायव्हिंगला चालले आहे. आजवर मालवण-तारकर्लीला आणि मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला डायव्हिंग केलं. दोन्हीकडे गाडीने गेलो. सामान प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरायचं, डिकीत टाकायचं, निघायचं. वजनाचा प्रश्न कधी आलाच नाही. आता पुणे-चेन्नई-पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) विमान आहे आणि तिकिटावर चेक-इनला १५ किलो, केबिनला ७ किलो.

काल सतरंजीवर सगळं मांडलं आणि लगेजच्या काट्याला एकेक वस्तू अडकवून बघितली:

बीसीडी (हवा भरून तरंगायचं) जॅकेट ३.४, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणणारं यंत्र; ऑक्टोपस म्हणजे राखीव माउथपीसची नळी आणि हवा दाखवणारं गेज यांसकट) २.१, मागे पट्टा असलेल्या फिन्स २.३, त्यांचे बूट ०.९, ३ मिमीचा वेटसूट १.६, एसएमबी (पाण्यावर खुणेसाठी सोडायचा फुगा) आणि त्याच्या दोरीचं रील ०.६, टॉर्च ०.४, मास्क ०.३, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारा) ०.१. ट्रॉली बॅग रिकामी ४.६. कपडे, टॉवेल वगैरे साधारण ४.

बेरीज २०.३ किलो. रेग्युलेटर, टॉर्च, मास्क आणि कॉम्प्युटर केबिनमध्ये घेतले तरी चेक-इन १७.४ भरतं.

घरचे म्हणतात, सगळं तिथे भाड्याने मिळतं, कशाला ओझं वाहतेस. टाकी आणि शिशाची वजनं तिथलीच वापरणार आहे, ती कुणीच नेत नाही. पण बाकीच्याचं सांगते. माझी उंची पाच फूट, वजन ४७ किलो, पायाचा नंबर ३५. मागच्या वर्षी एका ठिकाणी (नाव घेत नाही) भाड्याचं सामान घेतलं. सगळ्यात लहान म्हणून दिलेलं जॅकेट पाण्यावर आल्यावर फुगवलं तर पोटाचा पट्टा सरकत काखेपर्यंत आला आणि हनुवटी कॉलरमध्ये रुतली. रेग्युलेटरचा माउथपीस दाताखाली धरायच्या जागी फाटलेला होता, त्यामुळे दर श्वासाला थोडं खारं पाणी तोंडात. त्यात माझा चष्म्याचा नंबर साडेसहा. साध्या मास्कमधून गेजचा काटा मला दिसतच नव्हता. किती हवा उरली हे बडीला (सोबतच्या डायव्हरला) खुणेने विचारत पूर्ण डाइव्ह काढली. तो दिवस आठवला की अजून पोटात गोळा येतो. श्वास ज्याच्यावर अवलंबून आहे ते माझ्या खात्रीचंच असावं, एवढंच म्हणणं आहे.

तर विचारायचंय असं: काय न्यावं, काय सोडावं? रेग्युलेटर केबिनमध्ये नेऊ देतात का? आणि परतताना हे सगळं ओलं असेल, तेव्हा वजन आणखी वाढणार. त्याचं काय करता?

---

निळाई:

ताई, तुमच्या यादीतली सगळ्यात जड वस्तू कुठली ते बघितलंत का? ४.६ किलोची ट्रॉली! १५ मधला जवळजवळ तिसरा हिस्सा बॅगच खातेय. साधी डफल घ्या, किलोभराची मिळते. चाकं नसतात, खांद्याला रग लागते, पण कमी करायला एवढी सोपी दुसरी जागा नाही. फिन्स दोन्ही बाजूंना उभ्या लावा, म्हणजे कडक भिंती तयार होतात. जॅकेटमधली हवा पूर्ण काढून ते तळाला पसरा, मधल्या जागेत वेटसूट आणि कपडे.

वेटसूटबद्दल: पाणी साधारण २८-२९ अंश असतं, बरेच जण तिथे नुसत्या रॅशगार्डवर (पोहायच्या पातळ, अंगाला घट्ट टी-शर्टवर) उतरतात. पण तुमची अंगकाठी बारीक दिसतेय आणि रोज दोन-तीन डाइव्ह असतील तर तिसऱ्या दिवसापासून हुडहुडी भरते. मी असते तर सूट सोडला नसता.

---

चेन्नईकर:

>> रेग्युलेटर केबिनमध्ये नेऊ देतात का?

मी तीनदा नेला आहे. एक्सरेमध्ये धातूचा गोळा आणि नळ्या दिसतात, त्यामुळे एकदा सीआयएसएफच्या जवानाने बॅग उघडायला लावली. बॅगेत वरच ठेवा, "पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र" असं सांगा, दोन मिनिटांत सोडतात. नळ्या सैल वेटोळ्यात ठेवा, टोकांपाशी मुरडू देऊ नका.

नंबरचा मास्क केबिनमध्येच, त्याबद्दल दुमत नको. चेक-इन बॅग मागे राहिली तर जॅकेट कुठूनतरी मिळेल, तुमच्या नंबरची काच हॅवलॉकला ऐन वेळी कोण देणार? मास्कला कडक डबी घ्या.

टॉर्चची बॅटरी काढून वेगळी ठेवा. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाहीत, केबिनमध्येच घ्यायच्या. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा किंवा प्रत्येकीला वेगळी प्लास्टिकची डबी. उलट सुरी किंवा लाइन कटर (पाण्याखाली दोरी कापायचं हत्यार) असेल तर तो चेक-इनमध्ये, नाहीतर सिक्युरिटीला काढून घेतील.

आणि एक. रेग्युलेटर नुकताच सर्व्हिसिंगहून आला असेल तर निघायच्या आधी स्विमिंग पूलमध्ये एकदा वापरून बघा. बेटावर पोचल्यावर फ्री-फ्लो व्हायला (हवा आपोआप सतत वाहायला) लागला तर फार पंचाईत होते.

---

दर्यावर्दी:

+१ डफलला.

ज्यांना रेग्युलेटर न्यायचाच नाही त्यांच्यासाठी लिहितो: निदान स्वतःचा माउथपीस न्या. वजन नगण्य. तो एका झिप-टायने आवळलेला असतो, तो कापायचा, आपला माउथपीस चढवायचा, नवा झिप-टाय आवळायचा. सेंटरवाल्यांना सांगितलं तर पहिल्या डाइव्हच्या आधी करून देतात. तुमच्यासारखा अनुभव मलाही आलाय, तेव्हापासून दोन माउथपीस आणि चार झिप-टाय माझ्या बॅगेत कायम असतात.

फिन्सचं: हॅवलॉकच्या बहुतेक डाइव्ह बोटीवरून असतात. किनाऱ्यावरून खडकांतून चालत आत जायचं नसेल तर बुटांची गरज काय? पूर्ण पाऊल आत जाणाऱ्या फिन्स घ्या, खाली पातळ निओप्रीनचे मोजे. तुमचा पाय ३५ नंबरचा म्हणजे मोठ्या मुलांच्या मापातही बसेल. दोन्ही मिळून दीड किलोच्या आत येईल.

ओल्या सामानाचं उत्तर डाइव्हनंतर विमानात बसण्याच्या नियमातच आहे. अनेक दिवस लागोपाठ डाइव्ह केल्यावर उड्डाणाआधी निदान १८ तास थांबायचं, डॅनचा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा) सल्ला तसाच आहे. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला हवा, नाहीतर विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊन डिकम्प्रेशन सिकनेस होऊ शकतो. मी सरळ २४ तास ठेवतो. तोच सामान वाळायचा दिवस. शेवटची डाइव्ह सकाळी करा, उतरल्या उतरल्या सगळं गोड्या पाण्यात बुचकळा. फर्स्ट स्टेजचं (टाकीला जोडायच्या भागाचं) झाकण कोरडं करून घट्ट लावल्याशिवाय रेग्युलेटर पाण्यात घालू नका, आणि तो पाण्यात असताना पर्जचं (हवा सोडायचं) बटण दाबू नका. जॅकेट उलटं धरून आतलं पाणी काढा. बाहेरून वाळलेलं दिसलं तरी आत चांगलं ग्लासभर असतं, आणि ग्लासभर म्हणजे पाव किलो! मग सावलीत, पंख्याखाली. तिकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि हवा दमट, त्यामुळे दुपार वाया घालवू नका.

---

धागाकर्ती:

निळाई, चेन्नईकर, दर्यावर्दी, तिघांचेही मनापासून आभार. बॅगेचं वजन माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि तरी लक्षात आलं नाही.

भावाची जुनी डफल मिळाली, १.१ किलो. माझ्या मापाच्या फिन्स १.३ च्या मिळाल्या, मोजे ०.१. आता चेक-इन १२.१ भरतंय, म्हणजे येताना ओल्यासाठी जवळजवळ तीन किलोची जागा आहे. परतीचं तिकीट आधी शेवटच्या डाइव्हनंतर जेमतेम १५ तासांनी होतं. वजनाच्या चिंतेत त्याकडे बघितलंच नव्हतं. काल रात्री ते एक दिवस पुढे ढकललं. पैसे थोडे गेले, पण दर्यावर्दींनी लिहिलं नसतं तर मी तशीच विमानात बसले असते.

जॅकेट सोडावं का, याचा विचार केला. सेंटरला त्यांच्या एक्स्ट्रा स्मॉलचा फोटो पाठवायला सांगितलं. आला, पण पोटाचा पट्टा शेवटपर्यंत ओढूनही किती लहान होतो ते त्यात कळत नाही. म्हणून माझंच नेतेय, ३.४ किलो गेले तरी चालतील.

आता एकच शंका. चेन्नईला विमान बदलताना पुन्हा सिक्युरिटी होते का? झाली तर रेग्युलेटर दुसऱ्यांदा उघडून दाखवायला मधल्या दीड तासात वेळ पुरेल का? अलीकडे कुणी या मार्गाने गेलं असेल तर कृपया सांगा.